तिसऱ्या दिवसाची नोंद

गोदावरी काटीकरला ताप आला तो एकवीस सालच्या एप्रिलमध्ये आणि उतरला नवव्या दिवशी. त्या दिवसांत सोलापुरात दवाखान्यात खाट मिळत नव्हती, त्यामुळे घरच्या घरी बरं होणं ही मोठीच सुटका होती. तिच्या नवऱ्याने, गंगाधरने, देवापुढे साखर ठेवली. दहाव्या दिवशी ती आंघोळीला गेली आणि बादली अर्धी व्हायच्या आत न्हाणीघराच्या फरशीवर बसली, ती अर्धा तास उठलीच नाही. अशक्तपणा आहे, आठ-पंधरा दिवसांत जाईल, असं सगळे म्हणाले. तीही तसंच म्हणाली. तो गेला नाही.

तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. नववी-दहावीला गणित शिकवायची. ओळीने चार तास उभी राहून फळा भरून लिहायची, घरी येऊन स्वयंपाक करायची आणि संध्याकाळी संभाजी तलावाला एक फेरी मारून यायची. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर तिने खुर्चीवर बसून शिकवून पाहिलं. एक तास जमायचा. दुसरा ती रेटून न्यायची. त्या दिवशी काही व्हायचं नाही, दुसऱ्या दिवशीही फारसं नाही; पण तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले की अंगावर कुणी ओल्या वाळूची पोती रचून ठेवल्यासारखं वाटायचं. घसा दुखायचा, उजेड सहन व्हायचा नाही, बोलताना शब्द सापडायचे नाहीत. एकदा वर्गात तिला ‘छेद’ हा शब्दच आठवेना. ‘खालचा आकडा’ म्हणून तिने वेळ मारून नेली. मुलं हसली नाहीत, घाबरली.

डॉक्टर पुष्कळ झाले. रक्त तपासलं, हृदय तपासलं, थायरॉइड तपासलं. प्रत्येक जण शेवटी फाईल मिटून आनंदाने सांगायचा, “रिपोर्ट तर सगळे छान आहेत.” एकाने विचारलं, मुलगा शिकायला पुण्याला गेलाय ना, घर रिकामं वाटत असेल. गोदावरी म्हणाली, “घर रिकामं वाटत नाही हो, हात उचलवत नाही.” त्याने मन रमवायच्या गोळ्या लिहून दिल्या. नणंदेने सांगितलं, पहाटे उठून चालायला लाग, अंग हलकं होईल. गोदावरीने तेही केलं. महिनाभर रोज थोडं थोडं वाढवत चालली आणि त्या महिन्यात तिचं जे गेलं ते परत आलं नाही. तेवीस सालच्या जूनमध्ये तिने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. स्वयंपाकघर गंगाधरकडे गेलं. तो विमा कार्यालयात कारकून होता. सकाळी आमटी-भात लावून, पोळ्या शेजारच्या बाईंकडून घेऊन, साडेनऊला बाहेर पडायचा.

सवयीने तिने एक आलेखवही केली होती. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर आपण काय केलं आणि पुढे काय झालं. भाजी निवडली, केस धुतले, पाहुण्यांशी तासभर बोलले. काही महिन्यांत चित्र स्पष्ट झालं होतं. केलेल्या कामाचा भार त्या दिवशी पडत नव्हता, तो तिसऱ्या दिवशी पडत होता. पण हे ऐकून डॉक्टर नुसते मान हलवायचे. हे आपल्याच अंगाचं काहीतरी खूळ असावं, असं तिलाही वाटायला लागलं होतं.

चोवीस सालच्या नोव्हेंबरात गंगाधरने एक कागद आणला. शहरातल्या एका रुग्णालयात दीर्घ थकव्यावर संशोधन सुरू होत होतं आणि त्यासाठी रुग्ण हवे होते. गोदावरी रिक्षाने गेली. तिथे डॉ. सिद्धेश्वरी बिराजदार नावाची तिशीतली डॉक्टर होती. तिने सगळं शांतपणे ऐकलं, जुने रिपोर्ट चाळले आणि म्हणाली, “मॅडम, ह्याला नाव आहे. क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. विषाणूच्या तापानंतर काहींना होतो.”

गोदावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या दुखण्याला नाव दिलं होतं.

“औषध आहे?” गंगाधरने विचारलं.

“खात्रीचं नाही. म्हणून तर अभ्यास.”

अभ्यास सोळा आठवड्यांचा होता. सुरुवातीला सायकलवर चाचणी. मग रोज घरी ठरवून दिलेला व्यायाम, दर आठवड्याला थोडा वाढवत न्यायचा. दर सोमवारी रुग्णालयात येऊन तपासणी आणि समुपदेशन. आठव्या आणि सोळाव्या आठवड्यात पुन्हा सायकल. अभ्यासाचे प्रमुख डॉ. महेश्वर उमदीकर. त्यांचं म्हणणं असं होतं की दुखण्यात शरीराची सवय मोडते, माणूस श्रमाला भ्यायला लागतो, आणि सवय हळूहळू परत लावली की ताकदही परत येते. चालण्याचा महिना गोदावरीला आठवला. तिने ते सांगितलंही. “तेव्हा देखरेख नव्हती ना,” सिद्धेश्वरी म्हणाली. “इथे आम्ही आहोत.” गोदावरीने सही केली. आपण कुणाच्या तरी मोजणीत आलो, याचंच तिला इतकं अप्रूप होतं की आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

प्रश्नावली चार पानी होती. ‘तुम्ही अर्धा किलोमीटर चालू शकता का?’ उत्तराला दोन चौकटी, होय आणि नाही. गोदावरी पेन धरून थांबली. चालू शकत होती. चालल्यावर तीन दिवस झोपून राहावं लागत होतं. ते कुठल्या चौकटीत घालायचं? तिने ‘होय’वर खूण केली आणि समासात बारीक अक्षरात बाकीचं लिहिलं. टेबलापाशी बसलेला मदतनीस म्हणाला, “मॅडम, बाजूला लिहू नका. कंप्युटर घेत नाही ते.”

सायकल तिने सात मिनिटं चालवली. छातीला तारा, बोटाला चिमटा, समोर हिरवे आकडे. “छान,” सिद्धेश्वरी म्हणाली, आणि ते खरंच होतं. त्या दिवशी गोदावरीला ताजंतवानंही वाटलं. तो सोमवार होता. बुधवारी सकाळी तिला कूस बदलता येईना. गंगाधरने खिडकीवर जाड चादर टांगली, घड्याळ दुसऱ्या खोलीत नेलं, चमच्याने पेज भरवली. पुढच्या सोमवारी ती जाऊ शकली नाही. त्याने फोन करून कळवलं, पलीकडून उत्तर आलं, “ठीक आहे, गैरहजेरी लावतो.” घरचा व्यायाम तिने तेव्हापासून सोडूनच दिला.

त्याच्या पुढच्या सोमवारी ती गेली, तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यात खुर्च्यांच्या रांगेपलीकडे, भिंतीच्या कडेला एक बाई फरशीवर आडवी झालेली होती. चाळिशीची असेल. हिरवं लुगडं, पदर डोळ्यांवर ओढलेला. शेजारी डोक्याला पटका बांधलेला तिचा नवरा उकिडवा बसला होता. एक परिचारिका येऊन म्हणाली, “अहो, उठा, इथे झोपायचं नाही. खुर्च्या आहेत की.”

“बसवत न्हाय तिला,” नवरा म्हणाला. “पाच घंटं झालं घर सोडून. यष्टीत बी उबी व्हती.”

“मग आत येऊन सांगायचं.”

“सांगितलं की. थांबा म्हनले.”

गोदावरी तेव्हा खुर्चीत बसून पंधरा मिनिटं झाली होती. मान धरवत नव्हती, कानात घुंई वाजत होती, आणि आपण घरी असतो तर केव्हाच आडवे झालो असतो हे तिला कळत होतं. वीस वर्षं तिने पोरांना ताठ बसायला शिकवलं होतं. येणारी-जाणारी माणसं होती, त्यांत एखादा जुना विद्यार्थीही असू शकला असता. ती उठली, चार पावलं गेली आणि त्या बाईच्या शेजारी फरशीवर आडवी झाली. पर्स उशाला घेतली.

परिचारिका दोघींकडे बघत राहिली आणि निघून गेली.

काही वेळाने पदराखालून आवाज आला. “तुमाला बी हेच?”

“हो. तुम्हाला कधीपासून?”

“चिकुनगुन्या झाल्ता. दोन वर्सं झाली. आदी घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं दिसभर चालायची मी. आता चूल पेटवून उटलं की भुई फिरती.”

तिचं नाव तानाबाई मेटकरी. सांगोला तालुक्यातल्या एका वाडीवरची. नवऱ्याचं नाव बिरुदेव. शंभरेक मेंढरं होती, पावसाळा सोडला तर वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन बारा गावं फिरायचं. गेल्या वर्षीपासून ते दिराकडे सोपवलं होतं.

“सायकल चालवली का तुम्ही?” गोदावरीने विचारलं.

“चालवली की. लई जोरात चालवली म्हनं, डागदरीन खूस झाली.” तानाबाई थांबली. दोन वाक्यांमध्ये तिला थांबावं लागत होतं. “त्या दिशी काय न्हाय व्हत. दुसऱ्या दिशी बी तग धरती. तिसऱ्या दिशी पडती बगा, मग आट दिस उटत न्हाय.”

गोदावरीने डोळे उघडले. वर पंखा फिरत होता.

“तिसऱ्याच दिवशी?”

“तिसऱ्याच. ह्यास्नी इचारा.”

बिरुदेवने मान हलवली. “मेंढरू बसकन मारतंय तवा त्याला आमी हाकलत न्हाय, बाई. हाकललं तर मरतंय. खांद्यावर घेतो. हितं मातर मान्साला सायकलीवर बसवत्यात.”

गोदावरीला हसू आलं, आणि मग हसूही सोसवेना. साडेतीन वर्षं जे तिला आपल्या एकटीच्या अंगाचं खूळ वाटत होतं, ते सव्वाशे किलोमीटरवरची एक अनोळखी बाई दिवसाच्या हिशेबासकट सांगत होती. जाताना तिने बिरुदेवकडून फोन नंबर घेतला.

पुढचे तीन सोमवार तानाबाई दिसली नाही. चौथ्या सोमवारी गोदावरीने सिद्धेश्वरीला विचारलं. सिद्धेश्वरीने संगणकात पाहिलं. “त्या बाहेर पडल्या. लागोपाठ दोन गैरहजेऱ्या झाल्या की स्वतःहून बाहेर असं धरतो.”

“फोन केला होता त्यांना?”

“तशी पद्धत नाहीये, मॅडम. कुणावर जबरदस्ती होऊ नये म्हणून.”

घरी येऊन दोन दिवस विश्रांती घेतल्यावर गोदावरीने फोन लावला. बिरुदेवने उचलला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. दिलेल्या कागदाप्रमाणे तानाबाईने रोज अंगणात फेऱ्या मारल्या होत्या, न चुकता. पाच फेऱ्यांच्या सात झाल्या, सातच्या दहा, आणि मग ती पडली. तीन आठवडे झाले, भिंतीला टेकून बसवलं तरी मान टाकत होती. “वाडा तिकडं अकलूजच्या अंगाला गेलाय,” तो म्हणाला. “मी हितंच हाय. तिला टाकून कुटं जाऊ?”

“तुम्ही रुग्णालयात कळवलं का?”

“कुनाला कळवू? आमी बाहीर पडलो म्हनं. आमी कुटं पडलो बाहीर, बाई? ती आतच पडलिया.”

त्या दिवसापासून गोदावरीने पत्र लिहायला घेतलं. आडवं पडून, पाठीखाली उशी, पोटावर पाटी, पाटीवर कागद, पेन्सिलने. दिवसाला चार-पाच ओळी व्हायच्या. कधी काल लिहिलेलं आज वाचून समजायचं नाही आणि पुन्हा लिहावं लागायचं. नऊ दिवस लागले. शेवटी दीड पान झालं. त्यात तक्रार कमी आणि गणित जास्त होतं. चाचणी सोमवारी होते, नोंद सोमवारी होते. त्रास बुधवारी होतो आणि तो कुठेच नोंदला जात नाही. जो जास्त खालावतो तो येऊ शकत नाही. जो येऊ शकत नाही त्याचं नाव काढलं जातं. उरतात ते, ज्यांना येणं जमतं. शेवटी सरासरी काढाल ती फक्त त्यांची. आमच्याकडे काही शाळा दहावीला कच्च्या मुलांना आधीच बाहेरून परीक्षेला बसवतात, म्हणजे शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, असं तिने लिहिलं होतं. त्या निकालावरून शाळेत चांगलं शिकवतात असं म्हणता येत नाही. सोबत आलेखवहीच्या सहा पानांच्या प्रती जोडल्या.

सिद्धेश्वरीने पत्र तिच्यासमोरच वाचलं. वाचताना तिचा चेहरा आधी कडक झाला.  मग वहीची पानं टेबलावर ओळीने मांडून बराच वेळ पाहत राहिली.

“मला पटतंय, मॅडम,” ती म्हणाली. “पण मला पटून उपयोग नाही. सर विचारतील, ही तर रुग्णाने स्वतः लिहिलेली वही. मोजमाप कुठे आहे?”

“मग मोजा. येत्या सोमवारी माझी आठव्या आठवड्याची सायकल आहे. मी चालवते. बुधवारी तुम्ही घरी या.”

सिद्धेश्वरीने वहीची पानं गोळा केली. “तुम्ही नको म्हणालात तरी चालेल. चाचणी नाकारायचा तुम्हाला हक्क आहे. मला हे सांगितलंच पाहिजे.”

“माहीत आहे.”

गंगाधरला हे कळलं तेव्हा त्याने हातातलं ताट तसंच ओट्यावर ठेवलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, तो सहसा चिडत नसे.

“तुझ्यात आधीच जेवढं उरलंय, त्यातलं आणखी देऊन येणार तू? मागच्या वेळी बारा दिवस गेले.”

“एकदाच, अहो.”

“एकदाच कशाला? त्यांना शोधायचंय, त्यांनी शोधावं. तुझ्या अंगावर पुरावा काढायचा म्हणजे काय?”

“दुसरीकडे कुठे काढणार?” गोदावरी म्हणाली. “माझं असंही जातंच आहे. निदान एकदा कुणी बघून लिहून घेईल.”

त्याने ताट उचलून पुन्हा वाढायला घेतलं. पण सोमवारी त्याने रजा टाकली आणि बरोबर आला. तिने सहा मिनिटं सायकल चालवली. हाताच्या पकडीचं यंत्र दाबलं, काटा तेवीसवर गेला. सिद्धेश्वरीने आकडा लिहिला.

बुधवारी दहा वाजता सिद्धेश्वरी जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी आली. बाहेर फेब्रुवारीचं ऊन होतं. आत आल्यावर अंधाराला डोळे सरावायला तिला वेळ लागला. पलंगावर गोदावरी उताणी पडली होती, डोळ्यांवर घडी घातलेला रुमाल. सिद्धेश्वरी पावलांचा आवाजसुद्धा न करता जवळ गेली. बॅगेतून यंत्र काढून तिच्या हातात दिलं आणि स्वतःच्या हाताने खालून आधार दिला. काटा आठवर थांबला. पुन्हा पाहिलं. सातवर. नाडी झोपून अठ्ठ्याहत्तर. गंगाधरने तिला उचलून पलंगाच्या कडेला बसवलं तेव्हा एकशे चोवीस. उभं करायचं होतं, ते सिद्धेश्वरीने सोडून दिलं.

मग प्रश्नावली. ‘त्रास शून्य ते दहामध्ये किती?’ तिने हळू आवाजात विचारलं. गोदावरीचे ओठ हलले. तिला प्रश्न ऐकू आला होता. शून्य म्हणजे काय ते कळत होतं, दहाही कळत होतं, पण मधल्या आकड्यांची ओळ लागत नव्हती. सहाच्या आधी काय येतं? ती शोधत राहिली आणि शोधताना दमली. सिद्धेश्वरीने कागदावर लिहिलं, ‘उत्तर देऊ शकल्या नाहीत.’ कागद बाजूला ठेवून ती पलंगाशेजारी खाली बसली.

वीस मिनिटं ती तिथेच होती. गंगाधर आत-बाहेर करत होता. बादलीत नळाच्या धारेचा आवाज होऊ नये म्हणून त्याने नळाला फडकं बांधून ते पाण्यात सोडलं होतं. ओला टॉवेल पिळताना तो स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचा. निघताना सिद्धेश्वरीने त्याला विचारलं, “हे असं किती दिवस चालतं?”

“ह्या वेळचं ह्या वेळी कळेल,” तो म्हणाला.

ह्या वेळचं लांबलं. आधी गोदावरी दुपारी उठून टेबलाशी बसायची, काकडी चोचवून कोशिंबीर करायची, स्वतःचा चहा करायची. सायकलनंतर पाच आठवडे ती पलंगावरच होती, आणि नंतरही चहा काही परत आला नाही. गंगाधरने त्याबद्दल तिला कधी बोलून दाखवलं नाही. एकदा गॅसपाशी दोन कप मांडताना तो जरा वेळ तसाच उभा राहिला, तेवढंच.

मधल्या काळात रुग्णालयात काय झालं ते तिला नंतर कळलं. बुधवारचे आकडे पाहून डॉ. उमदीकर आधी म्हणाले होते, यंत्र तपासून घ्या. यंत्र ठीक होतं. मग ते म्हणाले, एका रुग्णावरून काही ठरत नाही. “बरोबर आहे सर,” सिद्धेश्वरी म्हणाली, “म्हणून बाकीच्यांनाही विचारू.” त्यांनी परवानगी दिली. अडतीस जणांनी अभ्यास सुरू केला होता, तेरा बाहेर पडले होते. ती तेराही नावांच्या मागे लागली. अकरा सापडले. त्यांतला एक बरा होऊन कामाला लागला होता, एकाने गाव सोडल्यामुळे यायचं थांबवलं होतं. नऊ जण आधीपेक्षा खालावले होते. तानाबाईच्या वाडीवर ती स्वतः जाऊन आली.

एप्रिलमध्ये उमदीकर स्वतःच घरी आले. येण्याआधी फोन करून, किती वेळ बसलं तर चालेल असं त्यांनी गंगाधरला विचारलं होतं. गंगाधरने पंधरा मिनिटं सांगितली. साठीला आलेले, कपाळावर भस्माचं पुसट बोट, हातात गोदावरीचं पत्र. ती दिवाणावर आडवीच राहिली. त्यांनी उठू नका म्हणून खूण केली.

“तुमचं पत्र मी तीनदा वाचलं,” ते म्हणाले. “पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, खोटं कशाला सांगू. पण मॅडम, राहिलेल्या पंचवीस जणांतल्या सात जणांना खरोखर फायदा झालाय. ते कामावर जातात. ते मी कसं नाकारू?”

“नाकारू नका,” गोदावरी म्हणाली. ती सावकाश बोलत होती, वाक्य आधी मनात लावून. “त्यांचं दुखणं वेगळं असेल. किंवा ते आमच्यापेक्षा कमी आजारी असतील. ते तुम्ही शोधा. पण सात लिहाल तिथेच नऊही लिहा.”

“बाहेर पडलेले हिशेबात घ्यायची पद्धत आहे. आम्ही घेतलेच असते, पण नुसती संख्या म्हणून. कारण कुणी विचारलं नव्हतं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “बावीस वर्षं मी रुग्णांना सांगत आलो, थोडं अंग हलवा. पुष्कळांना बरं वाटायचं. जे परत येत नसत ते बरे झाले, असं मी धरून चाललो होतो.”

 गोदावरीला राग यायला हवा होता. रागालाही अंगात काहीतरी लागतं. “तानाबाईंना तुम्ही भेटा,” ती म्हणाली. “त्या तुमच्या कागदावर अजून स्वतःहून बाहेर आहेत.”

पंधरा मिनिटं झाली तेव्हा गंगाधर दारात येऊन उभा राहिला. उमदीकर लगेच उठले.

अभ्यास सोळा आठवड्यांचा ठरला होता, तो तिथेच थांबवला गेला. रुग्णालयाच्या नीतिसमितीसमोर उमदीकरांनी सगळं मांडलं आणि अहवालात सातही लिहिले, नऊही लिहिले. तेरा नावांपुढचा ‘स्वतःहून’ हा शब्द काढला. अहवालाने काही सिद्ध झालं नाही, असं सिद्धेश्वरीने प्रामाणिकपणे सांगितलं. एका शहरातला छोटा अभ्यास, तोही अर्धवट. बाहेरच्या एका तज्ज्ञाने लिहिलं की रुग्णांच्या सांगण्याला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलंय. औषध काही सापडलं नव्हतंच. पण पुढचा अभ्यास आखताना सिद्धेश्वरीने एक गोष्ट ठरवून घेतली. त्यात कुणी सायकल चालवणार नव्हतं. रुग्ण रोज जे करतो तेच मोजायचं, आणि डॉक्टरने तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचं किंवा घरच्यांना फोन करायचा. प्रश्नावली नव्याने लिहायची होती. ती तुम्ही लिहाल का, असं तिने गोदावरीला विचारलं.

“मी एकटी नाही लिहिणार,” गोदावरी म्हणाली. “मला ‘अर्धा किलोमीटर’ कळतं, तानाबाईंना नाही. त्यांचं मला कळत नाही.”

म्हणून जुलैपासून दर गुरुवारी दुपारी फोन व्हायचा. दोघीही आपापल्या जागी आडव्या, फोन उशीवर. दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही, हा नियम बिरुदेव आणि गंगाधर यांनी परस्पर ठरवला होता, आणि ते दोघे तो कडकपणे पाळायचे. एका गुरुवारी एक प्रश्न व्हायचा. कधी तोही नाही. तानाबाई आता भिंतीला टेकून बसत होती, अंगणापर्यंत येत होती. मेंढरांमागे जायचं ती आता बोलत नव्हती. धाकट्या दिराने एक आजारी कोकरू तिच्यापाशी ठेवलं होतं, ते तिच्या खाटेखाली असायचं.

“थकवा किती येतो, असं इचारू नका,” ती एकदा म्हणाली. “थकवा म्हंजी काय, तो तर समद्यास्नी येतो. आमच्या सासूला बी येतो.”

“मग काय विचारू?”

“भाकरी थापाया बसल्यावर कितव्या भाकरीला हात थांबतो, ते इचारा. आन मग हात थांबला तवा किती दिस चुलीकडं बगवत न्हाय, ते.”

गोदावरीने ते पेन्सिलने पाटीवर टिपून घेतलं. शहरातल्या माणसांसाठी भाकरीच्या जागी पोळी लिहायची का, यावर दोघींचं थोडं बोलणं झालं. गिरणीत काम करणाऱ्याला काय विचारायचं, कपडे शिवणारीला काय, असंही निघालं. ज्याला त्याला त्याचंच काम लिहू द्यावं, मोकळी ओळ ठेवावी, असं ठरलं. मोकळी ओळ संगणक घेतो की नाही, ते सिद्धेश्वरीने बघावं.

“आनि झोप?” गोदावरीने विचारलं. तानाबाईचे हेल तिच्या बोलण्यात हल्ली नकळत यायचे.

 पलीकडून नुसतं कोकराचं बारीक बें-बें ऐकू आलं. मग बिरुदेवचा आवाज आला. “बाई, डोळं मिटलं तिनं. झोपंचं पुढल्या बेस्तरवारी इचारा.”

“बरं,” गोदावरी म्हणाली, आणि फोन ठेवून तीही कुशीवर वळली.